शपथेच्या दालनातल्या बारा तुळया

लाकडाचं वय सांगणं हा माझा धंदा. क्योतोच्या एका विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं तेच केलं आणि गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. आमची सांगलीला लाकडाची वखार होती. तिकडे गेले की माझे चुलतभाऊ अजून चिडवतात, झाडाची वर्तुळंच मोजायची होती तर जपान कशाला गाठलंस, वखारीत बसून मोजली असतीस, वर चहाही मिळाला असता.

त्यांना काय सांगणार? मोजणं कुणालाही येतं. खरं काम जुळवण्याचं असतं. झाड दरवर्षी एक वर्तुळ वाढतं. हवा मानवली तर रुंद, नाही मानवली तर बारीक. एका मुलखातली सगळी झाडं तीच हवा खातात, त्यामुळे त्यांच्या रुंद-बारीकची लय एकसारखी असते. आज उभ्या असलेल्या झाडापासून सुरुवात करायची, मग जुनं घर, मग त्याहून जुनं देऊळ, असं करत शेकडो वर्षांची साखळी लावायची. नवा तुकडा आला की तो त्या साखळीवर मागेपुढे सरकवून बघायचा. एका जागी चपखल बसतो, आणि बसला की विषय संपला. सालीलगतचं लाकूड शाबूत असेल तर ते झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं तेसुद्धा कळतं. लाकूड खोटं बोलत नाही असं मी विद्यार्थ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. आता सांगवत नाही.

लोक आमच्याकडे काय काय घेऊन येतात! एकदा तोक्योत, आपली बरीच माणसं राहतात त्या निशी-कसाईला, एका परिचितांकडे जेवायला गेले होते. यजमान आयटीतले, सोलापूरचे. जेवणाआधीच त्यांनी मला देवघरासमोर उभं केलं. पणजोबांच्या वेळचं अस्सल सागवान आहे, पेशवाईतलं असणार, ताई तुम्ही जरा वर्तुळं मोजून सांगा, म्हणजे लेखी ठेवता येईल. मी चष्मा लावून मागची कड बघितली आणि म्हटलं, वर्तुळं नाहीत हो, थर आहेत, पाच. प्लायवूड आहे. गृहस्थांचा चेहरा पडला. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा हसण्याचा आवाज आला आणि मग मलाच ओशाळल्यासारखं झालं. पण सांगितलं ते तोंडावर सांगितलं. आपल्या माणसांशी माझी जीभ अशीच चालते. जपानी माणसांसमोर मात्र इतक्या वर्षांत मी नको इतकी गुणाची झाले होते, आणि त्या गुणाने माझ्या हातून जे झालं ते आज लिहून टाकते आहे.

पाचेक वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका छोट्या गावाच्या नगरपालिकेतून पत्र आलं. गावाचं नाव देत नाही. पत्र लिहिणारा ओकुदा-सान हा तिथला इंजिनिअर. आमच्या गावात एक मध्ययुगीन जर्मन किल्ला आहे, त्याच्या लाकडाचं वय सांगाल का, असं त्याने विचारलं होतं. मी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, माझंच जपानी कच्चं पडतंय.

पण होता. खरंच होता! दोन गाड्या बदलून आणि वर एक बस घेऊन पोचले, तर खाली भातखाचरं, मध्ये एक कोंबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं दुकान, आणि वर टेकडीच्या माथ्यावर बुरूज, टोकदार छप्पर आणि दगडी तटबंदी. मी बसस्टॉपवर बॅग हातात धरून तशीच उभी राहिले. लहानपणी शाळेच्या सहलींतून गड कमी नाही बघितले मी, पण असा धक्का कुठल्या गडाने दिला नव्हता.

हकीकत अशी होती. तीसेक वर्षांपूर्वी, जपानात पैशाचा पूर आला होता त्या काळात, गावातल्या एका गरम झऱ्याच्या हॉटेलचे मालक जर्मनीला गेले, आणि तिथे टेकडीवरच्या एका पडक्या किल्ल्याच्या प्रेमात पडले. किल्ला उचलून आणता येत नाही. त्यांनी त्यातलं एक दालन विकत घेतलं, छताच्या बारा ओक तुळयांसकट, आणि इथे सिमेंटच्या भिंती बांधून, वर दगड चिकटवून त्यात ते बसवलं. मालक वारले, हॉटेल बंद पडलं, किल्ला गावाच्या गळ्यात आला. भिंती भूकंपाच्या नव्या नियमांत बसेनात. नगरपालिकेत दोन तट पडले होते. निदान छत तरी खरोखर मध्ययुगीन असेल तर भिंती मजबूत करून किल्ला राखायचा, नसेल तर पाडायचा. म्हणजे माझ्या एका कागदावर तो उभा राहणार होता किंवा आडवा होणार होता.

किल्ला दाखवायला मियाता-सान आले. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटकुळे, हातात वेताची छडी. ते मूळचे सुतार. दालन सोडवून आणायला मालकांनी जी माणसं जर्मनीला नेली होती त्यांत ते होते. हॉटेल बंद पडल्यावर रोज सकाळी टेकडी चढून दार उघडायचं आणि येईल त्याला किल्ल्याचा इतिहास सांगायचा, हे काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

आणि काय सांगायचे तो! तीन भावांचा किल्ला होता म्हणे. बाप मेला, वाटण्या झाल्या. बुरूज एकाला, कोठार दुसऱ्याला, तिसऱ्याला दक्षिणेची घरं. अंगणात भिंत घातली, चुली तीन झाल्या. मला हसू आवरेना. मी म्हटलं, आमच्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात, आणि ती करायला टेकडी लागत नाही. ते लहान मुलासारखे खूष झाले. पण दरवाजा एक, विहीर एक आणि हे दालन एक, हे तिन्ही सामाईक राहिलं. दरवर्षी तिघांनी या छताखाली उभं राहून शपथ घ्यायची, दरवाज्याच्या आत कुणी कुणावर हात उगारणार नाही. बाहेर काय वाटेल ते करा. ज्याने शपथ मोडली त्याला वर्षभर किल्ल्याबाहेर राहावं लागे. दोन पिढ्या ते निभलं. मग वेढा पडला. शत्रूला दरवाजा काही फोडता आला नाही, पण धाकट्या पातीच्या स्वयंपाकघरात आग लागली आणि बाकीच्या दोघांनी आपापल्या भिंतीला शिड्या लावून फक्त स्वतःची छपरं वाचवली. किल्ला जळाला. पुढे शेतकऱ्यांनी गोठ्यांसाठी दगड नेले. हे दालन तेवढं राहिलं, कारण त्यात मेंढ्या बांधायला सोयीचं होतं. 'या तुळयांनी ती शपथ ऐकलेली आहे,' असं म्हणून मियाता-सान छडी वर करायचे.

आता माझ्या चुकीकडे येते.

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की नमुना कुठून घ्यायचा ते आपण ठरवायचं. दाखवणाऱ्याने बोट दाखवलं तिथून घ्यायचा नाही. दुसरा नियम, दोन तुळयांवरून बारांचं वय सांगायचं नाही. जुन्या वास्तूला इथे भोक पाडू देत नाहीत. तुळईचं कापलेलं टोक साफ करून त्याचे फोटो घ्यायचे आणि पडद्यावर वर्तुळं मोजायची. मी गेले तर मियाता-साननी उत्तरेकडच्या दोन तुळयांखाली परांची बांधून ठेवलेली. टोकं ब्रशने झाडून लख्ख केलेली. परांचीवर माझ्यासाठी उशी आणि थर्मासमध्ये चहा. बाकीच्या दहांची टोकं भिंतीतल्या फळ्यांआड होती. बघायची तर फळ्या काढाव्या लागणार, परांची सोडून पुन्हा बांधावी लागणार. माझ्या मनात आलं, म्हणावं का? इतकी तयारी करून ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसाला आता ही परांची तिकडे हलवा म्हणायचं? दुसऱ्याला मेइवाकु, म्हणजे त्रास, होऊ द्यायचा नाही हे इथे मुलांना चालायच्या आधी शिकवतात, आणि मी तर ते बाहेरून येऊन शिकलेली, म्हणजे जास्तच कडक. मी दोन दिवस तिथे होते. दोन्ही दिवस ते खाली उभे राहून माझ्याकडे वर बघत होते. परांची हलवा असं मी म्हटलंच नाही.

दोन्ही तुळया जुळल्या. जर्मनीतल्या एका बाईंनी त्यांच्या भागातल्या ओकची साखळी पाठवली, आणि पडद्यावर रेघेला रेघ बसली तेव्हा मी खुर्चीतून उठले. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात तोडलेली झाडं! अहवालात मी लिहिलं, 'दालनाच्या छताच्या तुळया मध्ययुगीन आहेत.' 'तपासलेल्या दोन' हे शब्द मी लिहिले नाहीत. विसरले असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. वाक्य तसं जास्त छान दिसत होतं. खाली माझा शिक्का मारला.

किल्ला राहिला. गावाने फलक लावला, मला फुलं दिली. दर हिवाळ्यात मियाता-सानकडून वाळवलेल्या पर्सिमन फळांची पेटी यायची. मी सगळीकडे व्याख्यानांत ती वर्तुळं दाखवत हिंडले. अशी चार वर्षं गेली.

मजबुतीकरणाचं काम सुरू झालं तेव्हा ओकुदा-सानचा फोन आला. आवाज खालचा. सेन्सेई, म्हणजे मास्तरीणबाई, एकदा येऊन जाता का. काय झालं ते फोनवर सांगेना. गेले. छताच्या फळ्या उतरवलेल्या होत्या. मी परांचीवर चढले आणि तुळयांची वरची बाजू, जी खालून कधीच कुणाला दिसत नाही, ती पहिल्यांदा बघितली.

शाईने लिहिलेली जपानी अक्षरं होती. इ, रो, हा, म्हणजे आपलं क, ख, ग, आणि पुढे आकडे. कुठला भाग कुठे बसवायचा यासाठी इथले सुतार अशा खुणा करतात, सगळ्या जुन्या देवळांत सापडतात. दोन तुळया कोऱ्या होत्या, माझ्या दोन. दहांवर खुणा होत्या आणि त्यांत दोन वेगवेगळ्या माणसांची अक्षरं सरळ ओळखू येत होती.  मी स्वतःला समजावलं, बसवताना केल्या असतील. मग टॉर्च घेऊन एकेक टोक बघत गेले. इथला ओक आणि तिकडचा ओक नुसत्या डोळ्याला सारखेच दिसतात, पण सालीखालची शेवटची वर्तुळं ताजी होती. फोटो घेऊन क्योतोला परत आले आणि आमच्याच साखळीवर सरकवले. दहाच्या दहा तुळया मागच्याच डोंगरातल्या निघाल्या. किल्ला बांधला त्याच हिवाळ्यात तोडलेल्या.  बत्तीस वर्षांची अब्रू आणि त्यावर माझाच शिक्का!

ओकुदा-सान चांगला मुलगा. खुणा त्याने एकट्यानेच बघितल्या होत्या. तो हळूच म्हणाला, 'सेन्सेई, फळ्या परत ठोकता येतील.' मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला झाला. फळ्या ठोकल्या तर किल्ला राहणार, माझं नाव राहणार, मियाता-सानचं रोजचं टेकडी चढणं राहणार. मी त्याला म्हटलं, आधी मला त्या माणसाला भेटू दे.

मियाता-सान घरीच होते. मी चप्पल काढता काढताच बोलायला सुरुवात केली. जपानीत आवाज चढवायची सवय नसल्यामुळे दोन वाक्यांनंतर माझं जपानी संपलं आणि तोंडून सरळ मराठी आलं, अहो, काय करून बसलात हे तुम्ही! त्यांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी मान खाली घातली. चहा केला. मग सगळं सांगितलं.

बंदरावर पेट्या उघडल्या तेव्हा तुळया किड्यांनी पोखरलेल्या निघाल्या. धुरी दिली, किडे मेले, पण दहा तुळयांच्या आत पिठाशिवाय काही उरलं नव्हतं. उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झालेल्या. मालक बंदरावर लहान मुलासारखे रडले. तेव्हा मियाता-सान आणि त्यांचा सोबती हाशिमोतो यांनी मागच्या डोंगरात दहा ओक उभ्याने निवडले, तोडले, आणि एका हिवाळ्यात त्या दहा तुळया घडवल्या. जर्मनीहून येताना तिथली कुऱ्हाड आणली होती, तिनेच तासल्या, म्हणजे घाव तसेच दिसावेत. पोखरलेली प्रत्येक तुळई शेजारी ठेवून तिची भेग न् भेग उतरवली. धुरावर काळ्या केल्या. ओल्या लाकडाच्या तुळया पुढे वाकतात, त्या किती वाकतील तेही आधी हिशेबात धरून घडवल्या. हे सांगताना त्यांचे हात हवेत चालत होते आणि मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. रागातसुद्धा मला कळत होतं की असं काम मी आयुष्यात दुसरं बघितलेलं नाही.

मी विचारलं, आणि तीस वर्षं लोकांना खोटा इतिहास सांगत राहिलात?

ते म्हणाले, 'छडी मी फक्त त्या दोन तुळयांकडे करतो.'

मी आठवून बघितलं. खरंच. दर वेळी उत्तरेकडे.

मग मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? माझा शिक्का जाताना बघत राहिलात?

ते म्हणाले, 'मालकांना आम्ही दोघांनी शब्द दिला होता, आपणहून कुणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. पण मी तेव्हाच म्हटलं होतं, कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मग तुम्ही आलात. मी हाशिमोतोला फोन केला, म्हटलं, विद्यापीठातून बाई आल्या आहेत, या विचारतील. दुसऱ्या परांचीचे बांबू मी मागे आणून ठेवले होते. दोन दिवस वाट बघितली. सेन्सेई, तुम्ही विचारलंच नाहीत.'

 मी त्यांना त्रास नको म्हणून गप्प बसले होते, आणि तो माणूस खाली उभा राहून मी त्रास देईन म्हणून वाट बघत होता. मी मघापासून त्यांच्यावर ओरडत होते. आता कुणावर ओरडायचं ते मला कळेना.

हाशिमोतो-सानना भेटता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, या वसंतात गेला. फुप्फुसाचं दुखणं होतं.

फळ्या परत ठोकल्या नाहीत. मी नवा अहवाल लिहिला. दोन तुळया जर्मनीतल्या, दहा इथल्या, कुणी आणि कशा घडवल्या तेही लिहिलं, आणि पहिल्या अहवालातलं वाक्य माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीचं होतं हेही. मियाता-साननी एवढंच सांगितलं होतं, हाशिमोतोचं नाव आधी घाला. नगरपालिकेच्या सभेत मी तो वाचला.  मग अध्यक्षांनी मियाता-सानना उभं केलं. ते सूट घालून आले होते. त्यांनी किल्ल्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली, नेहमीसारखीच, तीन भावांपासून. पण या वेळी ते बंदरापाशी थांबले नाहीत. पेट्या, किडे, डोंगर, तो हिवाळा, सगळं सांगितलं आणि मग खाली बसले. दोन सभासद रडत होते. तरीही मतं पाडण्याच्या बाजूने पडली. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मध्ययुगीन असेल तर राखू असं ठरलं होतं, आणि ते नव्हतं. तीस वर्षांच्या तुळयांसाठी डोंगरावर एवढा पसारा कोण सांभाळणार?

पाडण्याआधी एक रविवार किल्ला सगळ्यांसाठी उघडा ठेवला. मी गेले. न जाऊन तोंड लपवल्यासारखं झालं असतं. दुपारी एक बाई आल्या, सत्तरीच्या, राखाडी कार्डिगन, हातात देवळात नेतात तशी पिशवी. मियाता-सान त्यांच्यासमोर कमरेत इतके वाकले की मला कळलं या कोण. हाशिमोतोंच्या पत्नी. त्यांनी अहवाल वाचला होता. त्यांनी विचारलं, यांच्या कुठल्या?

मियाता-साननी छडी वर केली, या वेळी दक्षिणेकडे. ही, ही, आणि भिंतीपासूनच्या त्या तीन.

त्या खाली उभ्या राहून बघत राहिल्या. मी पुढे होऊन माझं नाव सांगितलं आणि माफी मागितली. म्हटलं, चार वर्षांपूर्वी मी विचारलं असतं तर त्यांच्या हयातीत हे झालं असतं. त्यांनी मला अडवलं नाही, आणि काही हरकत नाही असंही म्हणाल्या नाहीत. वर बघतच बोलत होत्या.

'दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मला इथे घेऊन यायचे. बाकीची माणसं खिडकीतून डोंगर बघायची. हे मला इथे मधोमध उभं करायचे आणि म्हणायचे, वर बघ. तेवीस वर्षं, यांना टेकडी चढवत होती तोवर. मी दर वेळी म्हणायचे, चला ना आता, माझी मान दुखते.'